जुन्या-नव्या संगणकांचा समेट : छापखान्यासाठी शास्त्रोक्त विधी

साहित्य : विंडोज एक्सपीचा एक संगणक, पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टांसह, प्रिंटर पोर्टला खोचलेल्या डोंगलवर जगणारा. विंडोज १० चा दुसरा. काकांच्या हिशेबी तो 'नवा'. मधली केबल. आणि "कालपर्यंत चालत होतं" म्हणणारे काका.

नियम १. काकांचे शांतपणे ऐकून घ्यावे. कालपर्यंत चालत नव्हते, कारण नवा संगणक कालच आला.

नियम २. दोष कोणाला द्यायचा ते आधी ठरवावे. फायली देण्याघेण्यासाठी एक्सपीला एकच बोली येते, एसएमबी १. व्हिस्टापासून पुढची आवृत्ती आली, ती एक्सपीच्या वाट्याला आली नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच जगभर संगणक ओलीस धरले. त्याच ऑक्टोबरच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १० मधून काढून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा काका, यात पुतण्याचा काही दोष नाही.

नियम ३. "फायरवॉल बंद करून टाका" म्हणणाऱ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याला चहा पाजून परत पाठवावे.

नियम ४. शेअर केलेला फोल्डर जुन्यावरच ठेवावा आणि नव्याने तिथे जाऊन फाइल उचलावी. असे केले की नव्यावर 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी १.० खाली फक्त क्लायंटला टिक लागते. सर्व्हरला हात लावू नये. तिथेच 'ऑटोमॅटिक रिमूव्हल' नावाची टिक असते, ती आठवणीने काढावी. ती राहिली आणि क्लायंट पंधरा दिवस वापरात आला नाही, तर विंडोज तो गुपचूप काढून टाकते. संगणक बंद असलेला वेळ या पंधरा दिवसांत धरत नाहीत, पण काका संगणक बंद करतात कधी? पितृपक्षात एकही लग्नपत्रिका येत नाही, आणि घटस्थापनेला सकाळी सकाळी फोन येतो : "अरे, तू केलेलं सगळं गेलं बघ!"

नियम ५. 'नेटवर्क'वर क्लिक करून जुना संगणक दिसायची वाट पाहू नये. रनमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्याचा आयपी पत्ता टाइप करावा. पत्ता कायमचा ठरवून द्यावा आणि एक्सपीवर डिफॉल्ट गेटवेचा रकाना रिकामा ठेवावा, म्हणजे तो इंटरनेटवर जाणार नाही. ८ एप्रिल २०१४ पासून त्याला कोणी वाली नाही.

नियम ६. "हा डबा फेका आता" असे काकांसमोर म्हणू नये. मी म्हणणार होतो. तेवढ्यात एक गृहस्थ मुलाच्या मुंजीची पत्रिका घेऊन आले, आणि काकांनी 'न्यू फोल्डर ३७' उघडून त्यांच्याच लग्नाची पत्रिका काढली. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ तेव्हा कसा घातला होता, तेवढे बघायला. अर्धी पेठ त्या डब्यात आहे, आणि ती शोधायची कशी हे फक्त काकांना ठाऊक.

तेव्हा जोडणी झाली रे झाली, की त्याच बैठकीत सगळे फोल्डर नव्या संगणकावर आणि एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. ती डिस्क घरी न्या. काकांची परवानगी मागत बसू नका.