टेबलावरचा जाणकार

प्रत्येक मित्रमंडळात असा एक जाणकार असतोच. नोकरी बँकेत नाहीतर आयटीत, वय पंचेचाळिशीच्या पुढे, घरी रोज आमटी-भात. पण लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या महागड्या रेस्टॉरंटात पाऊल टाकलं, की त्याचा आवाज एक पट्टी खाली उतरतो आणि भुवया दोन पट्ट्या वर चढतात. दारावरचा मुलगा 'वेलकम, सर' म्हणतो. तो सगळ्यांनाच म्हणतो, पण जाणकार आपल्याकडे वळून सांगतो, "ओळखतात मला इथे."

काय मागवायचं हा प्रश्न इथे नसतो. टेस्टिंग मेन्यू असतो, म्हणजे दहा पदार्थ, शेफ ठरवेल ते आणि ठरवेल त्या क्रमाने. पदार्थ असे एकामागून एक वाढायची तऱ्हा एकोणिसाव्या शतकात रशियातून फ्रान्समध्ये गेली, हे आपल्याला पहिल्या घासाआधीच कळतं. घास तेवढा यायचा राहिलेला असतो.

मग वाइन येते. वेटर घोटभर ओततो. वाइन बिघडलेली नाही ना, एवढंच सांगायचं असतं. पण जाणकार पेला देठाला धरून गरागरा फिरवतो, नाक आत खुपसतो, डोळे मिटतो, घोट तोंडात खुळखुळवतो. वेटर बाटली धरून ताटकळलेला. "ओल्या मातीचा वास आहे," निकाल लागतो. द्राक्षं नाशिकची, बाटली नाशिकची; मातीही तिथलीच असणार.

पहिला पदार्थ येतो. परातीएवढ्या ताटलीत मधोमध नाचणीचा इवलासा पापड, त्यावर अंबाडीच्या चटणीचा ठिपका आणि चिमट्याने ठेवलेलं एक पान. जाणकार डावीकडून, उजवीकडून, मग उभा राहून फोटो काढतो. "काय टेक्स्चर आहे!" लहानपणी आईने अंबाडीची भाजी केली, की हाच माणूस ताटावरून उठायचा. पण ती आठवण काढायची नसते.

चौथ्या पदार्थाला हमखास मिशेलिन निघतं. टायरच्या कंपनीने १९०० साली पुस्तिका काढली, लोकांनी गाड्या हिंडवाव्यात नि टायर झिजवावेत म्हणून. तारे द्यायला लागले १९२६ पासून. "इथल्या शेफला तारा मिळणार, लिहून ठेवा."

एकदा आमच्यातला एक जण सहज बोलून गेला, "पण ती पुस्तिका भारतातल्या हॉटेलांना तारे देतच नाही ना रे?"

उरलेले सहा पदार्थ विनाभाषण पार पडले. एरवी पाकीट आधी निघतं ते जाणकाराचंच, सर्व्हिस चार्जकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्या रात्री त्याने चष्मा लावला, सर्व्हिस चार्ज गिऱ्हाइकावर लादता येत नाही हा २०२२ सालचा सरकारी नियम मॅनेजरला ऐकवला, ती रक्कम कमी करून घेतली आणि राहिलेलं बिल चौघांत सारखं वाटलं.

त्याची खरी भूक आपल्या अज्ञानाची असते. म्हणून तर दोन जाणकार एका टेबलावर कधी दिसत नाहीत. तेव्हा त्याने बोलावलं तर खुशाल जा. पोटभर ऐका, अधूनमधून "हो का?" म्हणा आणि आपल्याला ठाऊक असेल ते घरी ठेवून जा. बिल तोच भरेल.