‘डी’ ड्राइव्हवरचा शेजारधर्म: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमच्या एकाच लॅपटॉपवर आता विंडोज आणि उबुंटू दोन्ही नांदताहेत. मशीन चालू केलं की ग्रबचा काळा पडदा ‘कोणाकडे जायचं?’ विचारतो आणि तुम्ही चहा आणायला गेला असाल तर स्वतःच ठरवून मोकळा होतो. आता एकीकडची फाईल दुसरीकडे न्यायची आहे. डिस्क एकच, तेव्हा यात कठीण काय, असं वाटत असेल तर वाटू द्या. ही पायरी शून्य.

पायरी १. फाईल स्वतःलाच मेल करा. सगळे इथूनच सुरुवात करतात. फाईल कुठल्याशा डेटा सेंटरला प्रदक्षिणा घालून त्याच डिस्कवर परत येते. जीमेल २५ एमबीपुढे अटॅचमेंट घेत नाही, हे कळलं की पेनड्राइव्ह शोधा. तो फॅट३२ असेल तर ३२ जीबी रिकामी असूनही पाच जीबीचा लग्नाचा व्हिडिओ घेणार नाही, कारण त्या पद्धतीत एका फाईलची कमाल मर्यादा ४ जीबी. तसंही, लॅपटॉपमधून काढून त्याच लॅपटॉपमध्ये घालायला पेनड्राइव्ह वापरताना कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

पायरी २. विंडोजमधून उबुंटूच्या भागात डोकवा. उबुंटूची फाईलपद्धत ईएक्सटी४. २००८ पासून ती लिनक्समध्ये आहे, तिचा सोर्स कोड जगाला खुला आहे, पण विंडोज ती आपणहून वाचत नाही. त्या भागाला चुकून ड्राइव्हचं अक्षर मिळालंच, तर विंडोज अदबीने सुचवते की हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? आपल्याला वाचता येत नाही म्हणजे ते कोरंच असणार, असा तिचा हिशेब. इथे ‘कॅन्सल’ दाबायचं. बाकी काहीही दाबायचं नाही. विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएलमार्फत, म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स चालवण्याच्या सोयीमार्फत, लिनक्सची डिस्क जोडता येते खरी, पण अख्खी डिस्क जोडावी लागते आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच ती असून चालत नाही. म्हणजे ज्यांची अडचण तुमच्यासारखी नाही, त्यांच्यासाठी उत्तम सोय.

पायरी ३. तेव्हा पड उबुंटूनेच खायची. विंडोजची एनटीएफएस १९९३ ची. तिचा पूर्ण आराखडा मायक्रोसॉफ्टने कधी खुला केला नाही. लिनक्सवाल्यांनी तो चाचपडत उलगडला, आणि २०२१ मध्ये तिचं लिहिता-वाचता येणारं नवं ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये आलं. म्हणून आधी बॅकअप घ्या, मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करून शंभरेक जीबीचं वेगळं एनटीएफएस पार्टिशन काढा. हाच आपला ‘डी’ ड्राइव्ह. दोघांची ऊठबस याच ओसरीवर. एकमेकांच्या माजघरात शिरायचं नाही. उबुंटूच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीत, त्याची ओळ लिहाल तेव्हा ‘नोफेल’ विसरू नका. नाहीतर एखाद्या दिवशी ते पार्टिशन सापडलं नाही, तर उबुंटू चालू व्हायचंच नाकारेल.

पायरी ४. आता फाईल सेव्ह करा. होणार नाही. ‘रीड-ओन्ली’ असा निरोप येईल. बहुतेक नवशिके इथे परवानग्यांशी झटापट करत रात्र घालवतात, आणि दोष तिथे नसतोच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. तुम्ही ‘शट डाऊन’ दाबता, दिवे मालवतात, पंखा थांबतो. पण विंडोजने फक्त तुमचे प्रोग्राम बंद केलेले असतात. स्वतःच्या कर्नलची सगळी अवस्था एका फाईलमध्ये उतरवून ती डुलकी घेत असते. डिस्कचा हिशेब तिने मिटवलेला नसतो. अशा अर्धवट हिशेबात आपण लिहिलं तर दोघांचाही डेटा जाईल, हे ओळखून उबुंटू हात मागे घेतो. गंमत म्हणजे ‘रिस्टार्ट’ केलं तर विंडोज खरोखर बंद होते, ‘शट डाऊन’ केलं तर नाही. ज्याने ही नावं ठरवली त्याच्या घरी दोन सिस्टिम नसाव्यात. उपाय: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची सेटिंग, आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. विंडोजला ‘हायबरनेट’ करून उबुंटूत जाणंही वर्ज्य.

पायरी ५. नावं जपून ठेवा. उबुंटू ‘सभा: किती वाजता?’ हे नाव खुशाल घेईल. विंडोजला त्यातला विसर्गासारखा कोलनही चालत नाही आणि प्रश्नचिन्हही. रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरं उबुंटू वेगळी मानतो, विंडोज एकच; तो घोळ मात्र देवनागरी नावांत नाही. फाईलच्या पोटातल्या देवनागरीची हमी कोणी देत नाही. सोसायटीचं युनिकोडपूर्व फाँटमधलं जुनं पत्र सुखरूप पोचेल आणि उबुंटूत उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल.

पायरी ६. सगळं जमलं की घड्याळाकडे बघा. विंडोजमध्ये ते साडेपाच तास मागे असेल. मशीनच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ लिहून ठेवतो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. हिवाळ्यात लंडनला बसलेल्याच्या हे लक्षातही येत नाही. आपल्याकडे रात्री नऊला सेव्ह केलेली फाईल दुपारी साडेतीनची दिसते. उबुंटूला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, टाइमडेटसीटीएलची. मात्र काम संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं असं असेल, तर ही दुरुस्ती उद्या केली तरी चालेल.