डावी बाजू गेली

महाडच्या बाजारपेठेत, तांबट आळीच्या आसपास किंवा पार पोलादपुरात, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर डेकवाले काका हमखास सापडतात. नोकरीतून निवृत्त, चष्मा कपाळावर, हॉलमध्ये काचेची शोकेस आणि तिच्यात भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला अँप्लिफायर. १९८०च्या दशकात आखातातून परतलेल्या मेव्हण्याने तो आणलेला असतो. सान्सुई किंवा अकाई, रुपेरी तोंडाचा. ज्यांच्या नशिबी असा मेव्हणा नव्हता, त्यांनी मुंबईचा कॉस्मिक नाहीतर कोलकात्याचा सोनोडाइन घेतला. पण थाट तोच. नातवंडांनी शोकेसच्या तीन फुटांत यायचं नाही.

तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारा हा मुलूख. भिंतीला ओल, पापडाला ओल, काडेपेटीला ओल. श्रावण सरत आला की एका सकाळी काका चहाचा कप तसाच ठेवून जाहीर करतात, “डावी बाजू गेली.” आवाज असा, की शेजारचे धावत येऊन कोणत्या दवाखान्यात नेलं ते विचारतात. झालेलं एवढंच असतं, की डाव्या बॉक्समधून आधी खरखर आली आणि मग काहीच येईना. गाणारा अर्धा उरला, तबलजी पूर्ण गेला.

मग तपास सुरू होतो. पहिला संशय लाइटवर: “व्होल्टेज कमी-जास्त झालं असणार.” व्होल्टेजने नेमकी डावीच बाजू का निवडली, हे विचारायचं नसतं. दुसरा संशय बॉक्सवर. तो उपडा करून, कान लावून, टिचक्या मारून होतात. तिसरा वायरवर, आणि इथे मुंबईचा भाचा कामाला लागतो. लॅमिंग्टन रोडवरून जाड, पारदर्शक, आत तांबं चमकणारी स्पीकर वायर येते. ती जोडून झाली की काका डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, “बास सुधारला.” डावी बाजू अजून बंदच असते.

खरं तर हा पाच मिनिटांचा खेळ आहे. सीडी प्लेअरकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिनांची अँप्लिफायरच्या मागे अदलाबदल करायची. बंद बाजू बदलली, तर दोष प्लेअरचा किंवा त्या वायरचा. नाही बदलली, तर अँप्लिफायरचा किंवा त्यापुढच्या वायरचा, बॉक्सचा. मग तोच प्लेअर अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ सॉकेटमध्ये लावून बघायचा. तिथे दोन्ही बाजू वाजल्या, तर संशयित राहतात दोनच, सीडीचं सॉकेट आणि काय ऐकायचं ते निवडणारा सिलेक्टर स्विच. शेवटी सिलेक्टरचा नॉब बोटाने जरा इकडे-तिकडे डुलवायचा. आवाज आला-गेला, की चोर सापडला. ‘टेप मॉनिटर’चं बटण चुकून दाबलेलं नाही ना, हे त्याआधीच बघावं. त्या बटणाने चांगले चांगले सेट बिनबोभाट मुके झाले आहेत.

पण सिलेक्टरवर काका सहसा संशय घेत नाहीत. कारण त्यांनी त्याला कित्येक वर्षांत हात लावलेला नसतो. तबकडी गेली, कॅसेट गेली, नॉब ‘सीडी’वर आला आणि तिथेच राहिला. ज्याला हात लावला नाही ते बिघडेल कसं, असा त्यांचा बिनतोड सवाल.

बिघडतं ते त्याचमुळे. चांगल्या सिलेक्टरच्या आतल्या पट्ट्यांना बहुधा चांदीचा मुलामा असतो. हवेतला गंधकाचा अंश आणि ओल मिळून चांदीवर काळी पुटं चढतात. बॉक्सकडे जाणारा करंट दांडगा असतो, त्याचं सहसा अडत नाही. सिलेक्टरमधून जातो तो मात्र मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका किरकोळ. रेकॉर्डच्या सुईकडून तर पाचेक मिलिव्होल्ट येतात. एवढ्याशा जोरावर ती पुटं फोडणं होत नाही. नॉब फिरत राहिला तर पट्टी पट्टीला घासते आणि चांदी उघडी पडते.

त्याच घरात, त्याच आठवड्यात काकू गणपतीसाठी देवघरातलं चांदीचं निरांजन काढतात, काळं पडलं म्हणून विभूतीने खसखसा घासतात. दोन हातांवर काका वायर सोलत बसलेले असतात.

पुढचं खरं गमतीचं. निरांजन झालं की काकू फडकं घेऊन शोकेसकडे वळतात. “अहो, धूळ बघा किती!” म्हणत रुमाल उचलतात आणि सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा फिरवून पुसतात. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी डावी बाजू ठणठणीत! काका भाच्याला फोन करतात, “वायर मुरली हो. नवी वायर मुरायला वेळ लागतो.”

एखाद्या वर्षी काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जातात आणि सेट पोलादपूरला न्यावा लागतो. महाडातली बरीच दुकानं आता मोबाइलच्या काचा बदलतात. पोलादपुरात एखादा जुना रेडिओवाला शिल्लक असतो. तो झाकण काढतो, आत बघतो आणि विचारतो, “काका, तेल कुणी घातलं?”

“शिवणयंत्राचं आहे. चांगलं आहे.”

“चांगलंच असणार. पण घातलंत कुठे?”

कित्येक जपानी सेटांत नॉब पुढे असतो आणि खरा स्विच पार मागे, सॉकेटांना चिकटून. नॉब फिरला की मधली लांब, चपटी पट्टी तो स्विच सरकवते. काकांचं तेल पुढच्या दांड्यावर, आजार फूटभर मागे. रेडिओवाला तेल पुसतो, मागच्या स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारतो, पट्टी वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे करतो. डावी बाजू येते. काकांचा चेहरा पडतो. एवढ्याशा कामासाठी सेट मांडीवर घेऊन एसटीने आलो?

तरी त्यांना हसताना जरा जपून. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा अशाच एका काकांनी टीव्ही, फ्रीज सोडून आधी हा दहा किलोंचा धोंडा माळ्यावर चढवला. बॉक्स राहिले खाली, त्यांचा भुसा फुगून लगदा झाला. सेट आजही वाजतो. या माणसांनी अशी यंत्रं जपली म्हणून ती दुरुस्तीला तरी उरली, हे मान्य करायला हवं.

तेव्हा ज्यांच्या घरी असा सेट असेल, त्यांनी मृग लागण्याआधी प्लग काढून सिलेक्टर दोन्हीकडे पंचवीसएक वेळा फिरवावा. झाकण स्वतः उघडू नये; प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. तेल अजिबात नको. आणि वायर मागवण्याआधी घरात विचारावं, शोकेस शेवटची कधी पुसली होती.