पाचातला एक

नाशिकचा जावई झाला की माणसाला वाईनमधलं कळायला लागतं, असा पुण्यात एक समज आहे. लग्नाआधी माझं द्राक्षांचं ज्ञान हिरवी, काळी आणि महाग एवढ्यावर संपत होतं. लग्नानंतर मात्र पार्टीत बाटली आली की लोक ती आधी माझ्या हातात देऊ लागले. मी लेबल वाचून गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणायचो. हा "हं" बरीच वर्षं पुरला. मग साहेबांनीच एकदा विचारलं, "शिराझ आणि बाकीच्यांत फरक काय हो?" मी म्हणालो, "ती समजून घ्यावी लागते." साहेबांनी मान डोलावली, आणि समजून घेणं माझ्या गळ्यात पडलं.

सोय घरचीच होती. धाकटा मेव्हणा दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार. बाग बहुतेक थॉमसनची, पण एका तुकड्यात एका वायनरीशी करार करून लावलेली शिराझ. मी वाचून, तयारी करून गेलो होतो. बांधावर उभं राहून त्याला सांगितलं, "इराणातल्या शिराझ शहरातून हे द्राक्ष आलं म्हणतात, ते खोटं. १९९८ च्या सुमारास डीएनए तपासला, तेव्हा आईबाप दोघेही फ्रान्सचेच निघाले. द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लाँश. तिकडे याला सिरा म्हणतात. १८३२ मध्ये जेम्स बस्बीने कलमं ऑस्ट्रेलियात नेली."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "आईबाप कुणी का असेनात दाजी, भुरी आली की औषध आपल्यालाच मारावं लागतं."

मग त्याने माझी शिकवणी घेतली. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून ती झोपत नाही. मग तिला दोनदा छाटायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोड. युरोपात तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात. "खाऊन बघा," म्हणत त्याने एक घड पुढे केला. मणी बारीक, साल जाड, आत बिया. वाईनचं द्राक्ष आंबट असेल अशा तयारीने मी तोंड आधीच वाकडं केलं होतं. ते साखरेसारखं गोड निघाल्यावर सरळ करायला वेळ लागला. गर पांढराच होता. लाल रंग सालीचा, आणि तोंड कोरडं पाडणारं टॅनिनही साल-बियांचंच.

संध्याकाळी तो मला एका वायनरीत टेस्टिंगला घेऊन गेला. तिथल्या मुलाने पेला फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "शिराझची खूण म्हणजे काळी मिरी. येतेय ना?" शेजारचं जोडपं डोळे मिटून "वा!" म्हणालं. मी नाक आत घातलं. काही नाही. आणखी आत घातलं. नाकाचा शेंडा वाईनमध्ये बुडाला, मिरी काही सापडली नाही. शेंडा पुसून मी मान डोलावली. मेव्हण्यानेही डोलावली.

पुण्याला परतल्यावर अभ्यास चालू ठेवला. रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवू नये, असं वाचलं होतं, म्हणून बाटली फ्रीजच्या डोक्यावर ठेवली. मार्च संपत आला होता. सोळा ते अठरा अंश हे तिचं आदर्श तापमान. माझ्याकडे ती काढ्याच्या तापमानाला निघाली. सोबत नाशिकचा म्हणून झणझणीत मिसळीचा बेत. मिरची जिभेच्या ज्या नसांना पेटवते, त्याच नसांना अल्कोहोलही पेटवतो, हे मला पहिल्या घोटाला समजलं. डोळ्यांतून पाणी आलं. बायको म्हणाली, "एवढी आवडली?"

मिरीचं शल्य मात्र राहिलं होतं. शोधता शोधता रोटंडोन सापडलं. मिरीत असलेलं हेच द्रव्य शिराझमध्येही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. लिटरभर वाईनमध्ये ते सोळा नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला पुरतं. आणि पुढे लिहिलं होतं की चाचणीतल्या सुमारे वीस टक्के माणसांना पाण्यात भरपूर मिसळूनही त्याचा वास आला नाही. पाचातला एक! मला एकदम कूळ सापडल्यासारखं झालं. पण खालीच आणखी एक वाक्य होतं: उष्ण हवेतल्या द्राक्षात रोटंडोन कमी असतं. म्हणजे माझं नाक गेलेलं, किंवा त्या पेल्यात मिरी नव्हतीच आणि सगळं टेबल खोटं बोलत होतं.

निःपक्षपाती नाक हवं होतं. पुढच्या खेपेला दिंडोरीत पेला सासूबाईंपुढे धरला. त्यांनी पदर नाकाशी नेला, मग जरा बाजूला केला. "शी! जांभळं आंबवलीत का? आणि यात मिरं कुणी कुटून घातलं?"

म्हणजे मीच. पण खरं सांगतो, निकाल लागल्यावर शिराझ आवडायला लागली. हुंगायचं काही उरलं नाही, म्हणून प्यायला लागलो. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये, मिसळीऐवजी चरबीचं, बेताच्या तिखटाचं मटण. टॅनिन लाळेतली प्रथिनं पकडून तोंड कोरडं करतं. मटणाचा घास असला की त्याला धरायला दुसरं काहीतरी मिळतं आणि घोट मऊ लागतो. आता साहेबांनी विचारलं तर मी निदान मटणाबद्दल अधिकाराने बोलू शकेन.

त्या रात्री जेवताना मेव्हण्याला सगळं शास्त्र सांगितलं. तो हळूच स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "दाजी, मलाही कधी आली नाही ती मिरी."

"मग वायनरीत मान कशाला डोलावलीस?"

"तुम्ही डोलावलीत म्हणून. पुण्याचा माणूस, वाचून आलेला."

"अरे, मग त्या मुलाला तरी सांगायचंस!"

"कसं सांगू? माल माझ्याच बागेतला होता."