शौचालयावर अडलेलं संगीत

मोठा संगीत महोत्सव नाकारायचा असेल, तर गावकारभाऱ्यांनी संगीताबद्दल चकार शब्द काढू नये. हे शहाणपण न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल गावानं १९६९च्या जुलैत दाखवलं. केस वाढवलेली पोरं, गांजा, रात्रभर ढणढणाट ही खरी धास्ती पोटात होती. ओठांवर आला तो नियम. आधी ५,००० हून मोठ्या जमावाला परवाना सक्तीचा झाला. मग आयोजकांची फिरती शौचालयं गावच्या नियमावलीत बसत नाहीत, असं निघालं. झालं, संस्कृती वाचली!

बिऱ्हाड हललं बेथेलला, मॅक्स यास्गर या दूध-व्यावसायिकाच्या रानात. तिथं फलक लागला: मॅक्सचं दूध घेऊ नका. (गायींचं मत कुणी विचारलं नाही.) आयोजक म्हणाले होते ५०,००० माणसं येतील, आली चार लाखांवर. रस्ते तुंबले, पाऊस कोसळला, चिखलात बसून पोरांनी रविशंकरांची सतार ऐकली. म्हणजे विरोधकांची भीती अगदीच हवेतली नव्हती, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. शौचालयं तर अपुरी पडलीच.

जगभर नाव मात्र झालं वुडस्टॉक या तिसऱ्याच गावाचं, जिथं महोत्सव भरलाच नाही. बेथेलमध्ये २००८ साली संग्रहालय उघडलं. ज्या चिखलाला नाकं मुरडली, तो आता तिकीट काढून पाहतात. वॉलकिलकडे नियमावली आहे.