गोधडीतून उरलेल्या चिंध्यांची विल्हेवाट : पारशिवनीकरांसाठी सूचना

गोधडी मुळात उरलेल्या कापडाची. तेव्हा ती शिवून झाल्यावरही कापड उरले असे कोणी सांगितले, तर आतले थर खाल्ले गेले असा संशय घेण्यास जागा आहे. तरीही पारशिवनीत घरोघरी पलंगाखाली एक बोचके असते आणि ते दरवर्षी फुगत जाते. नागपूर म्हणजे नुसते ऊन असे समजणाऱ्यांसाठी नोंद : 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. आमच्या तालुक्याला तर वरून पेंचच्या जंगलाचा शेजार. गोधड्या शिवल्या जाणारच आणि बोचके भरणारच.

प्रथम वर्गवारी. सुती कोणते आणि टेरिकॉट कोणते, हे हाताला कळत नसेल तर एक धागा अंगणात नेऊन जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे भुरकट राख उरते. टेरिकॉट वितळून त्याचा कडक मणी होतो. चाचणीचा धागा बोचक्यातूनच घ्यावा; सासूबाईंच्या नेसत्या लुगड्याची चाचणी घेऊ नये.

ही वर्गवारी करमणुकीसाठी नाही. मसोते फक्त सुती चिंध्यांचेच करावे. चार-पाच थर एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घालावा, मग मधून आडवेतिडवे टाके मारावेत, म्हणजे थर सरकत नाहीत. टेरिकॉटचे मसोते दिसायला झकास. पण गरम गंजाला लागले की गंजालाही चिकटते आणि बोटांनाही. टेरिकॉटची पायपुसणीही करू नये. ते पाणी पीत नाही, नुसते इकडून तिकडे ढकलते. पँटींचे जाड तुकडे पिशव्यांच्या बुडाला लावावेत. 2018 च्या प्लास्टिकबंदीपासून अशा ठिगळांच्या पिशव्यांना फार मान आहे. त्या दाराच्या खिळ्याला टांगतात आणि आपण आठवडी बाजारात रिकाम्या हाताने जातो.

हातभर लांब सुती पट्ट्या उन्हाळ्यासाठी राखाव्यात. माठाभोवती गुंडाळून ओल्या ठेवल्या की पाणी गार होते. वीतभर तुकडे तान्हा पोळ्यासाठी. लाकडी नंदीची झूल हा चिंधीच्या आयुष्यातला सर्वोच्च हुद्दा. तिथे जरीकाठाचा तुकडा चमकला तर बक्षीसही मिळते. बक्षीस पोराच्या नावाने मिळते, रात्रभर डोळे फोडलेल्या आजीच्या नाही. त्याबद्दल आजीने तक्रार करू नये, असा संकेत आहे.

बोटाएवढ्या तुकड्यांची उशी भरावी. ती दगडासारखी होते, पण पाहुणे दुसऱ्या दिवशी निघतात.

ठिगळाची लाज वाटणाऱ्यांनी गाडगेबाबांकडे पाहावे. 1876 साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या या माणसाला लोक चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. मात्र बाबांनी चिंध्या अंगावर वापरल्या, पलंगाखाली साठवल्या नाहीत. या मुद्द्यावर घरात चर्चा काढू नये. ‘फेकू नोको वं, कामी येते,’ एवढ्यावर ती संपते आणि बोचक्याची गाठ आणखी घट्ट बसते.

आता सर्वांत नाजूक बाब : ब्लाउजपीस. हे कापड नव्हे, हे चलन आहे. ओटीत येते, कपाटात पडते, पुढच्या ओटीत जाते. शिवायला कोणी काढत नाही, कारण रंग कोणाच्याच साडीला जुळत नाही; तो जुळू नये अशाच बेताने निवडलेला असतो. गोधडीला मात्र असला पोपटी किंवा राणी रंग खुलून दिसतो. म्हणून काहींचा हात कात्रीकडे वळतो. त्यांनी आधी हा पीस कोणाकडून आला ते नीट आठवावे. आठवले नाही तर घडी न मोडता परत ठेवावा. आठवले तर येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या काकू सोडून कोणाच्याही ओटीत घालावा. आणि कापलाच, तर ती गोधडी त्या काकू आल्या असताना वाळत घालू नये.