विद्यार्थिप्रिय

निरोप समारंभात प्रत्येक शिक्षक विद्यार्थिप्रिय असतो. शाल, श्रीफळ आणि हे विशेषण एकाच ताटातून मिळतं. मला तेवढी वाट बघवत नाही. मला ते नोकरीत असतानाच हवंय, आणि जमलं तर सेवापुस्तकात नोंद करून, सहीशिक्क्यासह.

त्यामुळे शिक्षक-विद्यार्थी भावबंधाचं प्रशिक्षण लागलं तेव्हा बाकीची मंडळी चार्जिंगचा पॉइंट असलेली भिंत शोधत होती आणि मी पहिल्या रांगेत वही उघडून बसलो होतो. पडद्यावर पहिलीच सूचना आली : मुलांना नावाने हाक मारा. सूचना ज्याने लिहिली तो आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या आसपास कधी हजेरी घ्यायला आलेला नसावा. आमच्या पटावर राठोड, चव्हाण, पवार, जाधव आणि आडे. 'राठोड' म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहतो आणि उरलेला अर्धा 'कोनता राठोड जी?' विचारतो. पहिल्या नावाने हाक मारावी, तर आजोबांच्या पिढीत सोय होती. शनिवारी जन्मला तो थावरा, विषय संपला. नातवंडांत मात्र आरव, आरुष, आर्यन, आयुष अशी पलटण आहे. मी 'आ' एवढं म्हणून थांबतो. ज्याला गरज असेल तो 'हजर' म्हणतो.

दुसरी सूचना, मुलांच्या बोलीत बोला. तीही मी मनावर घेतली. बंजारा तांड्यावरच्या घरात आईला याडी म्हणतात, मराठी भेटते ती शाळेत आल्यावर. म्हणून मी गोरमाटीतली चार वाक्यं पाठ करून वर्गात म्हटली. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. नंतर पहिलीतल्या एका मुलीने माझ्याकडून ती वाक्यं चार-पाचदा घोटून घेतली आणि 'जमन हळूहळू' असा शेरा दिला. एवढा सकारात्मक शेरा माझ्या गोपनीय अहवालात आजवर कुणी लिहिलेला नाही.

असल्या प्रशिक्षणात साने गुरुजी येतातच. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे मळके कपडे धुऊन ठेवायचे, आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. यातलं कपडे धुण्याचं मी पहिल्यांदा बाद केलं. कुण्या पोराला 'शर्ट काढ, धुतो' म्हणालो तर संध्याकाळपर्यंत ग्रामसभा बसेल. पण दैनिकाची कल्पना झकास वाटली. फळ्याचा उजवा कोपरा चौकट आखून मोकळा सोडला आणि जाहीर केलं की रोज सकाळी कुणीही इथे आपली बातमी लिहावी. कुणीतरी आपल्याबद्दल चार चांगली वाक्यं लिहील, हा अंतस्थ हेतू अर्थातच जाहीर केला नाही. पहिल्या दिवशीची बातमी अशी : 'राठोडच्या घरी बकरी व्याली. दोन पाट.' दुसऱ्या दिवशी कोणत्या राठोडच्या, याचं शुद्धिपत्रक.

इथे मला टोपणनावांबद्दल बोलायचं आहे. संपादकांना हा भाग कापावासा वाटेल, त्यांनी कापू नये.

मुलं शिक्षकावर प्रेम करतात की नाही, हे ओळखण्याची एकच खात्रीची खूण आहे, त्याला टोपणनाव आहे का? भेटकार्डं, शिक्षक दिनाचे गुलाब, पाया पडणं, हे सगळं बाईंनी आधी सांगून ठेवलेलं असतं. टोपणनाव कुणी सांगून ठेवत नाही. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत भूगोलाच्या सरांना 'मान्सून' म्हणत, कारण त्यांच्या आगमनाचा अंदाज दरवर्षी वर्तवला जाई आणि दरवर्षी चुके. गणिताचे सर 'हातचा'. ते काहीही विसरले की 'हातचा एक राहिला' म्हणत, अगदी छत्री विसरले तरी. पीटीच्या सरांचं नाव 'विश्राम', आणि त्यांच्या लग्नाच्या पंगतीत आम्ही पोरं वहिनींना 'सावधान' म्हणून मोकळे झालो होतो. या शास्त्राचे नियम पक्के असतात. पहिला, नाव मालकाच्या कानावर जाता कामा नये. दुसरा, नाव खुर्चीबरोबर वारसाने जातं. मान्सून सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी घड्याळ लावून येणारे नवे सर आले, तरी तेही मान्सूनच राहिले. बिचारे आयुष्यभर वेळेवर आले, कुणाला पटलं नाही. तिसरा नियम सगळ्यात निष्ठुर आहे. ज्याला नाव पडत नाही तो वाईट नसतो, तो फक्त दिसत नाही. आम्हाला एक मराठीचे सर होते, सज्जन, मेहनती, सुवाच्य अक्षर. त्यांना कधी नाव पडलं नाही. परवा जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला आणि आम्हा सगळ्यांना वाटलं ते शिपाईमामा आहेत.

तर मला माझं टोपणनाव हवं होतं. थेट विचारणं नियमात बसत नाही. गोळ्या वाटून पाहिल्या. पोरांनी गोळ्या घेतल्या आणि गुपितही आपल्याचकडे ठेवलं. मग मी मधल्या सुट्टीत खिडकीखाली उभा राहू लागलो. खिचडीची ताटं वाजत होती आणि त्यात स्पष्ट ऐकू आलं, 'वाघ्या आला, वाघ्या आला!' आणि मी खरंच त्याच वेळी आलेलो होतो. पुढचे काही दिवस मी छाती काढून चाललो, आवाजही थोडा खाली आणला. वाघ्या हे व्हरांड्यात झोपणारं आणि खिचडीच्या वेळी उठणारं कुत्रं आहे, हे मला स्वयंपाकीण मावशींनी सांगितलं. कुत्रं मोठं देखणं आहे, एवढंच समाधान.

शेवटी नाव सापडलं ते माझ्याच चौकटीत. एका सकाळी फळ्यावर बातमी होती : 'बदलीवाले सर आज नवीन शर्ट घालून आले.'

मी सांगलीकडचा. भरतीच्या पोर्टलवरच्या यादीने मला वाशिम जिल्ह्यात आणून सोडलं आणि तेव्हापासून माझा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज चालू आहे. शाळेत रेंज येते ती फक्त झेंड्याच्या खांबाजवळ. तिथे उभं राहून मी रिक्त जागांची यादी आणि प्रवर्गनिहाय बिंदुनामावली बघतो. मला वाटायचं मुलांना वाटतं, सर राष्ट्रध्वजाजवळ चिंतन करतात. मुलांना सगळं ठाऊक होतं. 'कृतज्ञता' या शब्दावर अडखळणारा तिसरीतला मुलगा 'बिंदुनामावली' बिनचूक म्हणतो. 'सर, तुमच्या प्रवर्गाची बिंदुनामावली लागली का?' हे तो माझ्याकडूनच शिकला. माझ्या अध्यापनाची ती एकमेव सिद्ध झालेली निष्पत्ती.

गृहभेटीला तांड्यावर गेलो की शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची येते, बशीत चहा येतो, विद्यार्थी दाराआड लपतो. वडील अभ्यासाबद्दल काही विचारत नाहीत. 'यंदा होते का जी?' एवढंच. त्यात रोष नसतो. सर येतात आणि जातात, हा त्यांच्या लेखी पावसापाण्यासारखा मामला आहे. मी फोटो काढतो, कारण गृहभेट झाल्याचा जिओटॅग फोटो त्याच दिवशी लिंकवर टाकायचा असतो. फोटोत खुर्ची असते, बशी असते, आणि दाराआडून दिसणारा अर्धा कान. जवळीक सिद्ध.

त्या कानाचा मालक वर्गात मात्र माझ्या डोक्यावर बसतो. 5 ऑक्टोबर 2024 ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, पंतप्रधान येऊन गेले. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत, आत तेरा दालनं. मी आदल्या रात्री तयारी करून मुलांना घेऊन गेलो. फेटिया, कांचळी, हातातल्या बलिया, एकेका वस्तूसमोर थांबून मी माहिती सांगत होतो. हा कानवाला म्हणाला, 'सर, कायले तरास घेता? माही आजी भायेर बसली हाय. तिच्या आंगावरच हाय समदं. तिलेच इचारा.' आम्ही बाहेर जाऊन आजीला विचारलं. आजीने मला पाठ झालेली माहिती सांगू दिली, मग शांतपणे अर्धी खोडून काढली.

इथवर सगळं ठीक आहे. माझी चिडचिड होते ती दिवाळीनंतर.

दिवाळी झाली की ऊसतोडीचा मुकादम येतो. उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, शेळी आणि माझे काही आरव-आरुष चढतात. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडले. त्या लदेणीचं आपण आता मोठं कौतुक करतो. ही ट्रॉलीतली लदेणी बघायला मात्र कुणी येत नाही. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते मी भरून देतो. ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं, जर शाळा फडापासून चालण्याच्या अंतरावर असेल, जर धाकट्या भावाला कुणी सांभाळणारं असेल, जर. मागे ठेवायचं म्हटलं तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती आजी-आजोबांच्या धडधाकट असण्यावर बरीच अवलंबून. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मूल जिथे जाईल तिथे शाळा गेली. ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात सांगतात, टाळ्याही वाजवायला लावतात, आणि मग चहाच्या सुट्टीनंतर एक तक्ता भरून घेतात. त्यात रकाना आहे : 'भावबंध दृढ झालेले विद्यार्थी – संख्या'. त्याच्याखाली 'त्यांपैकी स्थलांतरित' असा रकाना नाही. मी तो पेनाने आखून भरला होता. तक्ता नमुन्यात नसल्यामुळे परत आला.

गेल्या हंगामात ट्रॉली निघाली तेव्हा बिंदुनामावलीवाला धावत शाळेत आला. मला वाटलं, पाया पडायला. तो म्हणाला, 'सर, आमची बी बदली झाली.'

'कुठं रे?'

'सांगलीले. तुमच्याच जिल्ह्यात.' वर सांत्वनही केलं. 'अर्ज न करताच झाली, सर. तुमची बी होईन.'

माझा नंबर त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होता. पुढे कधीतरी रात्री फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि कुणीतरी बॅटरी संपते म्हणून ओरडतंय. मी विचारलं शाळेत जातोस का, तो म्हणाला जातो मधून मधून, तिथले सर बोलतात ते समजत नाही, तुमच्यासारखंच बोलतात. मी विचारलं जेवलास का. त्याला त्यातल्या कशातच रस नव्हता. त्याला बातमी द्यायची होती. 'चौकट हाय ना अजून? मंग लिहा. फडात साप निघाला. माह्या बापानं पाह्यला. लय मोठा.'

सकाळी मी चौकटीत लिहिलं. किती मोठा, यावरून दोन्ही आरुषांत जुंपली. एक म्हणाला धामण असेल, दुसरा म्हणाला सांगलीत अजगर असतात, त्याच्या काकाने पाहिलेत. मग सगळ्यांनी मला विचारलं, कारण सांगली माझी. मी सांगितलं की आमच्याकडे मी कधी अजगर पाहिलेला नाही. कुणाचाही विश्वास बसला नाही. त्यांच्या मते मी तिथे राहत नाही, त्यामुळे मला काय माहीत. फोन लावून विचारा म्हणाले. सगळा वर्ग झेंड्याच्या खांबाजवळ गेला. फोन लागेना. पोरं म्हणाली अजून लावा. गणिताचा तास तिथेच गेला, आणि त्या दिवशीची लिंकही भरायची राहिली.